प्लास्टिक सर्जरी करायची का? नाशिककरांसाठी पहिल्या विचारापासून व्रण फिका होईपर्यंतची वाट

अंबडच्या कारखान्यात प्रेसखाली बोट गेलेला ऑपरेटर, जड झुब्यांनी कानाची पाळी चिरलेली निफाडची आजी, दोन सिझेरियननंतर पोट ओघळलेली इंदिरानगरची शिक्षिका, छाती वाढल्यामुळे चारचौघांत शर्ट काढायला लाजणारा कॉलेजचा मुलगा आणि ओठ दुभंगलेलं सुरगाण्याचं तान्हं बाळ. या सगळ्यांना लागणारा डॉक्टर एकच, प्लास्टिक सर्जन. ऑपरेटरच्या बोटाविषयी आपण उघडपणे बोलतो, शिक्षिकेच्या पोटाविषयी मात्र कुजबुजतो. या कुजबुजीचे परिणाम वाईट होतात. घरी न सांगता, लांबच्या शहरात, स्वस्तातलं पॅकेज बघून, तंबाखूची सवय डॉक्टरांपासून दडवून केलेलं ऑपरेशन बिघडायला वेळ लागत नाही. ज्याला गरज आहे किंवा मनापासून इच्छा आहे, त्याने ही शस्त्रक्रिया जरूर करावी. पण उघड्या डोळ्यांनी आणि घरातल्या निदान एका माणसाला सांगून करावी.

पायरी १: तक्रार एका वाक्यात लिहा

सर्जनकडे जाण्याआधी कागद-पेन घ्या. ‘मला छान दिसायचंय’ या वाक्याचं सर्जन काहीच करू शकत नाही. ‘नाकाच्या हाडावर उंचवटा आहे आणि उजव्या नाकपुडीतून श्वास अडतो’ हे वाक्य त्याच्या कामाचं आहे. ‘ब्लाउजचे पट्टे खांद्यात रुततात, मान दुखते, उन्हाळ्यात स्तनांखाली पुरळ येतं’ हेही. यादी दहा कलमांची होत असेल, दर महिन्याला तक्रारीची जागा बदलत असेल, किंवा वाक्याच्या शेवटी ‘म्हणजे नवरा नीट वागेल’, ‘म्हणजे लग्न जमेल’ असं काही येत असेल, तर थांबा. नवऱ्याची वागणूक ऑपरेशनने बदलत नाही.

लिहिलेल्या वाक्यावरून आपण कुठल्या बाजूला आहोत तेही कळतं. जन्मजात व्यंग, अपघात, भाजणं, कर्करोगाच्या ऑपरेशननंतर गेलेला भाग यांची दुरुस्ती म्हणजे पुनर्रचनेची शस्त्रक्रिया. धडधाकट शरीराचा आकार आपल्या इच्छेने बदलणं म्हणजे कॉस्मेटिक शस्त्रक्रिया. मधली रेष पुसट आहे. डोळ्यावर उतरलेली पापणी उचलणं एकासाठी सौंदर्याचा भाग असेल, तर दुसऱ्याला त्याशिवाय गाडी चालवताना नीट दिसत नसेल.

हा फरक थेट खिशाशी जोडलेला आहे. मेडिक्लेममध्ये कॉस्मेटिक शस्त्रक्रियेचा खर्च मिळत नाही. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना असेल, किंवा आरोग्याला असलेला थेट धोका दूर करायला शस्त्रक्रिया आवश्यक असेल, तर तो मागता येतो. त्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्रास नेमक्या शब्दांत लिहून घ्या आणि आधी विमा कंपनीची लेखी मंजुरी मिळवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजल्यानंतरचे उपचार आणि पुनर्रचनेच्या बऱ्याच शस्त्रक्रिया बसतात. पॅनेलवरच्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी त्यालाच भेटा. निव्वळ कॉस्मेटिक कामावर जीएसटीही लागतो, जन्मजात व्यंग किंवा इजेच्या दुरुस्तीवर लागत नाही.

दुभंगलेल्या ओठाविषयी थोडं सविस्तर सांगते, कारण खेड्यापाड्यांत अजूनही ‘ग्रहणात आईने काही चिरलं’ म्हणून त्या आईलाच बोल लावला जातो. ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही. गर्भाच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांत ओठाच्या आणि टाळूच्या दोन बाजू जुळायच्या राहून जातात, एवढंच. बाळ साधारण तीन महिन्यांचं झालं, वजन बरं भरलं आणि हिमोग्लोबिन १० च्या पुढे असलं की ओठाचं ऑपरेशन होतं. टाळूचं साधारण ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान करतात, म्हणजे बोलायला लागताना शब्द नाकातून येत नाहीत. अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अशा मुलांना मोफत उपचारांसाठी पुढे पाठवतं. पथकाची वाट बघायची नसेल, तर आशाताईंना सांगा किंवा बाळाला घेऊन थेट त्र्यंबक नाक्याजवळच्या जिल्हा रुग्णालयात जा. मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत थांबणं म्हणजे त्याचं बोलणं आणि शाळेतली पहिली वर्षं दोन्ही हातची घालवणं.

विचार करायला वेळ नसतो तेव्हा

सातपूर-अंबडच्या प्रत्येक शॉपफ्लोरवर ही माहिती भिंतीला लावलेली असावी असं मला वाटतं. बोट तुटून वेगळं झालं तर तुटलेला भाग स्वच्छ, सलाइनने किंवा पाण्याने किंचित ओल्या केलेल्या गॉझमध्ये गुंडाळा. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं की पेशी गोठून मरतात आणि मग ते जोडता येत नाही. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात उंच ठेवा. हळद, चहापूड, कुंकू काही लावू नका. निघतानाच फोन करून विचारा की तिथे मायक्रोसर्जरीची, म्हणजे बारीक रक्तवाहिन्या जोडण्याची, सोय आणि सर्जन आत्ता हजर आहे का. नीट थंड ठेवलेलं बोट बऱ्याच तासांनीही जोडता येतं. मनगटापासून किंवा त्याच्या वरून तुटलेल्या हाताला मात्र सहा तासांच्या आत रक्तपुरवठा सुरू व्हावा लागतो. चुकीच्या दवाखान्यात एक फेरी झाली तरी त्यातला मोठा वेळ संपतो.

भाजल्यावर २० मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, शाई लावू नका. जखम भरल्यावर कातडी आखडत जाऊन कोपर, मान, बोटं वाकडी होतात. ते टाळण्यासाठी फिजिओथेरपी आणि दिवसातले जवळपास सगळे तास घालायचे, अंगाला घट्ट दाबून बसणारे कपडे, म्हणजे प्रेशर गारमेंट, लागतात. वर्षभर हे करणं कंटाळवाणं आहे, पण पुढचं मोठं ऑपरेशन त्यानेच टळू शकतं.

या विद्येचं आणि आपल्या मातीचं नातंही जुनं आहे. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या एका बैलगाडीवानाला पुण्यात कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं गेलं. त्याची सचित्र हकिकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने छापली आणि युरोपातले सर्जन ही पद्धत शिकायला लागले. कर्करोगात नाक गेलेल्या रुग्णांसाठी कपाळाच्या कातडीचा हाच मार्ग आजही वापरतात.

पायरी २: कोणत्या ऑपरेशनने काय मिळतं, ते समजून घ्या

कानाच्या पाळीपासून सुरुवात करते, कारण आपल्याकडे ही तक्रार घरोघरी आहे. भोक लांबलेलं असो की पाळी पूर्ण चिरलेली, जागेवर भूल देऊन तासाभरात काम होतं आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. नंतर दोन-तीन महिन्यांनी, जुन्या व्रणाच्या बाजूला नवं भोक पाडायचं. त्याच जागी पाडून पुन्हा तेच वजनदार झुबे घातले, तर पाळी पुन्हा चिरेल. कमी खर्चात इतका आनंद देणारी दुसरी शस्त्रक्रिया मला माहीत नाही.

सर्वात जास्त गैरसमज पोटाविषयी आहेत. लायपोसक्शन वजन कमी करायला नसतं. आहार आणि व्यायाम करूनही ज्या ठराविक जागेची चरबी हटत नाही, ती त्याने काढतात. एका वेळी काढायच्या चरबीला सुरक्षिततेची मर्यादा असते, साधारण ५ लिटर. ‘एका दिवसात पंधरा किलो’ अशी जाहिरात दिसली, तर तिथून निघून या. शिवाय पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठलेली चरबी लायपोने निघत नाही, आणि मधुमेहाशी संबंध असतो तो तिचा. बाळंतपणानंतर कातडी सैल पडून पोटाचे स्नायू मधोमध फाकले असतील, तर लायपो करून कातडी आणखी लोंबेल. तिथे टमी टक लागतं. त्यात जादा कातडी काढून स्नायू शिवून जवळ आणतात. ओटीपोटावर कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत व्रण राहतो, तो कायमचा असतो. आणखी मूल हवं असेल तर हे ऑपरेशन आता करू नका. बाळंतपणानंतर किमान सहा महिने जाऊ द्या आणि अंगावर पाजणं थांबल्यावर विचार करा.

मुलांची वाढलेली छाती हा घराघरांतला न बोलला जाणारा विषय. वयात येताना ती थोडी वाढणं नेहमीचं आहे आणि बहुतेकांची वर्ष-दोन वर्षांत आपोआप बसते. अठरा ओलांडल्यावरही ती तशीच असेल तर तपासणी करा. काही औषधं, जिममध्ये मिळणारी स्टेरॉइडची इंजेक्शनं आणि हार्मोनचा बिघाड ही कारणं आधी शोधावी लागतात. कारण चालू असताना ऑपरेशन केलं तर छाती परत वाढू शकते. बापाने मुलाला ‘व्यायाम कर, जाईल’ असं ऐकवत राहू नये. गाठ ग्रंथीची असेल तर ती जोर-बैठकांनी जात नाही, आणि ते पोर उगाच स्वतःला दोष देत बसतं.

स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेला नुसतं कॉस्मेटिक म्हणणं मला पटत नाही. मान आणि पाठ दुखून वर्षानुवर्षं गोळ्या खाणाऱ्या बायकांना तिच्याने खरा आराम पडतो. इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम पिशवी, घालून स्तन मोठे करण्याचं गणित वेगळं आहे. इम्प्लांट आयुष्यभर टिकत नाही, पुढेमागे बदलावं लागू शकतं. सिलिकॉनचं असेल तर पाच-सहा वर्षांनी आणि मग दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करायला सांगतात. खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती एक दुर्मीळ प्रकारचा कर्करोग (लिम्फोमा) आढळल्याने २०१९ मध्ये त्यातला एक प्रकार जगभरातून परत मागवला गेला. इम्प्लांट कुठल्या कंपनीचं आणि कुठल्या नंबरचं आहे, ते कार्ड जपून ठेवा.

नाकाच्या ऑपरेशननंतर सूज पूर्ण उतरायला वर्ष लागू शकतं, आणि हाडाची वाढ थांबण्याआधी हे ऑपरेशन करत नाहीत. केसरोपणात नवे केस तयार होत नाहीत, मागचे पुढे येतात आणि मागचा साठा मर्यादित असतो. बाविसाव्या वर्षी सगळा साठा पुढच्या रेषेवर खर्च केला, तर चाळिशीत टाळू उघडा पडेल आणि देण्यासारखं काही उरलेलं नसेल. सुरकुत्यांसाठी टोचायच्या बोटॉक्सचा परिणाम तीन-चार महिने टिकतो. खोलगट जागा भरायला टोचतात त्या फिलरचा सहा महिने ते वर्ष-दीड वर्ष. ही दोन्ही कामं पार्लरमध्ये कधीही करून घेऊ नका. चुकून रक्तवाहिनीत गेलेलं फिलर कातडी मारू शकतं, डोळ्याची दृष्टी घालवू शकतं. त्यावर उतारा देणारं औषध आणि ते द्यायचं ज्ञान पार्लरमध्ये नसतं. रंग उजळवणारी शस्त्रक्रिया अस्तित्वातच नाही.

पायरी ३: शरीर तयार आहे का?

इथे खरं बोलणं सर्वात महत्त्वाचं. निकोटीन कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं आणि शिवलेली कडा काळी पडून मरते. ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर तंबाखू पूर्ण बंद हवी. सिगारेट डॉक्टर विचारतात, पण मशेरी बायका सांगत नाहीत. दात घासायची म्हणून ती तंबाखूत मोजतच नाहीत. मशेरी, गुटखा, विडा-तंबाखू, व्हेप, सगळं सांगा.

साखर किती आहे, हे तीन महिन्यांच्या सरासरी तपासणीवरून, म्हणजे एचबीए१सीवरून ठरतं. ती जास्त असेल तर आधी औषधाने आटोक्यात आणा. हिमोग्लोबिन आपल्याकडच्या बायकांचं अनेकदा कमी असतं, लोहाच्या गोळ्या दोन-तीन महिने खाऊन मग तारीख घ्या. पेठ-सुरगाण्याकडच्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. भूल देण्याआधी ती तपासणी आवर्जून करून घ्या. अ‍ॅस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधं, गर्भनिरोधक गोळ्या, वैद्याचे काढे, जिमची सप्लिमेंट यांचीही यादी डॉक्टरांना द्या. बंद काय करायचं ते त्यांनाच ठरवू द्या. कान टोचल्यावर किंवा लसीच्या जागी गाठीसारखा वाढलेला व्रण, म्हणजे केलॉइड, झाला असेल तर तो दाखवा. छाती, खांदा आणि कानाच्या पाळीवर तो परत होण्याचा धोका मोठा असतो. वजन किमान सहा महिने स्थिर असावं.

मनाचंही तसंच. काही माणसांना दुसऱ्या कुणाला न दिसणारा दोष दिवसाचे तासन्‌तास आरशात दिसत राहतो. हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत, आणि ऑपरेशनने तो बरा होत नाही. चांगला सर्जन अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो. त्याचा राग मानू नका. घटस्फोट, मृत्यू, परीक्षेतलं अपयश यांच्या लगेच नंतरही तारीख घेऊ नका.

पायरी ४: दिवस कोणते निवडायचे?

हिवाळ्यातच जखम चांगली भरते, हा समज खरा नाही. थंडीत प्रेशर गारमेंट घालणं सोसतं, इतकाच फायदा. शेतकरी घरात मात्र हंगाम बघा. टमी टकनंतर सहा आठवडे क्रेट उचलणं बंद. म्हणजे ऑक्टोबर छाटणी, जानेवारी ते मार्चची द्राक्षकाढणी आणि एप्रिलची खरड छाटणी सोडून पावसाळ्यातले दिवस सोयीचे पडतात. लग्न ठरलेलं असेल तर नाकासाठी किमान सहा महिने, जमल्यास वर्ष, आणि कानाच्या पाळीसाठी तीन महिने हाताशी ठेवा. हळदीच्या आधीच्या महिन्यात चेहऱ्यावर नवीन काहीही करू नका.

पायरी ५: सर्जन आणि हॉस्पिटल पारखा

कॉलेज रोड, गंगापूर रोडवर पाट्या पुष्कळ आहेत. पाटीवर ‘कॉस्मेटिक’ लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, पदवी वाचा. प्लास्टिक सर्जनची पदवी म्हणजे एमएसनंतर एमसीएच किंवा डीएनबी (प्लास्टिक सर्जरी). महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा आणि कौन्सिलच्या वेबसाइटवर तपासा. बोटॉक्स, फिलर, लेझर त्वचारोगतज्ज्ञही करतात, त्यात गैर काही नाही. केसरोपण टेक्निशियनने स्वतंत्रपणे करायचं नसतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये तसं स्पष्ट केलंय. म्हणून ‘छेद कोण देणार आणि डॉक्टर किती वेळ खोलीत असणार’ हे विचारा.

नाशिक शहरातल्या हॉस्पिटलला महापालिकेची नर्सिंग होम नोंदणी लागते. प्रमाणपत्र, दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावलेली असायला हवी. भूलतज्ज्ञ कोण, आयसीयू आत आहे की अ‍ॅम्ब्युलन्सने जायचं, हेही विचारा.

पहिल्या भेटीत बहिणीला, नवऱ्याला, मित्राला सोबत न्या. आपल्यासारख्याच शरीराच्या रुग्णांचे आधीचे-नंतरचे फोटो मागा. व्रण नेमका कुठे येणार ते पेनाने अंगावर काढून दाखवायला सांगा. बिघाड झाला तर दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च कोणाचा, हे लेखी घ्या. खर्चात सर्जन, भूल, थिएटर, औषधं, गारमेंट, तपासण्या आणि कर धरलाय ना? संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा. ‘आज बुकिंग केलं तर सूट’ म्हणणाऱ्या ठिकाणी आज काहीही ठरवू नका. पुण्या-मुंबईला जायला हरकत नाही, पण जखमेत ठेवलेली नळी काढायला, टाके काढायला आणि अडीअडचणीला पुन्हा पुन्हा तेवढा प्रवास करणं जमणार आहे का, हे आधी ठरवा. मोठ्या ऑपरेशननंतर चार-चार तास गाडीत बसून राहणं पायात रक्ताची गुठळी व्हायलाही निमंत्रण देतं.

पायरी ६: ऑपरेशन आणि नंतरचे महिने

पूर्ण भुलीसाठी सहा-आठ तास उपाशी राहावं लागतं. चहाही नाही. घरी पहिले तीन-चार दिवस कुणीतरी सोबत हवंच, लपवून केलेल्याची हीच अडचण होते. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी आधाराने चाला. चेहऱ्याचे टाके ५ ते ७ दिवसांत, अंगावरचे १० ते १४ दिवसांत निघतात. जेवणात डाळ, अंडी, दूध, मटकी भरपूर ठेवा. ‘टाके पिकतात’ म्हणून वरण-भात आणि वांगं बंद करणाऱ्या आजेसासूबाईंना प्रेमाने समजवा, जखम भरायला प्रथिनंच लागतात.

पोटरी दुखून सुजणं, अचानक धाप लागणं, एकाच बाजूला झपाट्याने सूज येणं, १००.४ च्या वर ताप, दुर्गंधी असलेला पू, कातडी निळी-काळी पडणं, फिलरनंतर कातडी पांढरी पडून ठणकणं किंवा नजर धूसर होणं: यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता रात्रीच फोन करा.

व्रण पहिले दोन-तीन महिने लाल आणि कडक होतो. त्याने घाबरून जाऊ नका, तो वर्ष-दीड वर्षभर मऊ आणि फिका होत राहतो. टाके पूर्ण सुकल्यावर सिलिकॉन जेल किंवा पट्टी आणि मालिश सुरू करा. वर्षभर ऊन टाळा. मळ्यात काम असेल तर स्कार्फ आणि सनस्क्रीन दोन्ही वापरा.

निकाल मनासारखा वाटला नाही तर सूज उतरेपर्यंत, म्हणजे सहा महिने ते वर्ष, पुन्हा सुरी लावू देऊ नका. त्याच सर्जनला भेटून फोटोंसकट बोला, हवं तर दुसऱ्याचं मत घ्या. कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत मिळणं हा आपला हक्क आहे. हलगर्जीपणा झालाच असेल, तर ते कागद घेऊन महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं.